वैशाख काढलेलं रोप

पोरी, शाळेची नोकरी सोडून रोपवाटिका काढायची असं तू मनात धरलं आहेस, हे ऐकून बरं वाटलं. गच्चीवर तू जास्वंद, मोगरा, कढीपत्ता कसा राखतेस ते मी पाहिलं आहे. हात चांगला आहे तुझा. पण हौशी माणूस झाड मेलं की हळहळतो आणि दुसरं आणतो. धंद्यात ते मेलेलं झाड गिऱ्हाइकाच्या अंगणात असतं, आणि दुसरं आणायला तो तुझ्याकडे येत नाही. एवढा फरक आधी समजून घे, मग बाकीचं ऐक.

आपल्या वऱ्हाडात रोपं विकणारे थोडे नाहीत. मृगाची पहिली सर आली की अमरावतीच्या रस्त्यांवर आणि अकोल्याच्या चौकांत रोपांच्या हातगाड्या लागतात. त्यातला बराच माल आंध्रातल्या कडियमसारख्या ठिकाणाहून ट्रकनं उतरतो. गोदावरीकाठच्या ओलसर हवेत, हलक्या कोकोपीटमध्ये वाढलेलं रोप दिसायला टवटवीत असतं. इकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, वारा कोरडा असतो आणि काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अंगणात लावलेलं ते रोप पावसाळाभर हसतं आणि पुढच्या उन्हाळ्यात जळतं. लोक मग 'आमच्याकडे झाडं होतच नाहीत' म्हणतात. आमच्याकडचे जुने माळीबुवा म्हणत, "झाडं तं बंदेच लावतेत माय, जगवते कोन?" माझं सगळं सांगणं या प्रश्नातून निघालं आहे. ज्या रोपानं आपल्याकडे एक वैशाख काढला, तेच विकायला ठेव. काढला नसेल तर गिऱ्हाइकाला तसं सांगून वीक. ट्रकवाल्याशी भावात तू कधीच टिकणार नाहीस. या एकाच गोष्टीत तो तुझ्याशी टिकणार नाही.

आधी पाणी, मग जागा

रस्त्यालगत पाच गुंठे स्वस्तात मिळतात म्हणून हुरळून जाऊ नको. पहिला प्रश्न पाण्याचा. पूर्णेच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा पसरला आहे. अमरावती, अकोला, बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांतला मोठा भाग त्यात येतो. दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर या बाजूला जागा पाहशील तर आधी तिथल्या विहिरीचं पाणी चाखून बघ. पऱ्हाटी, तूर, हरभरा पावसावर आणि जमिनीच्या ओलीवर निघून जातो. पिशवीतल्या रोपाला मात्र सुटका नाही. रोज घातलेल्या पाण्यातला खार पिशवीतच साठत राहतो. पानांच्या कडा करपतात, पिशवीच्या तोंडाशी पांढरा थर धरतो, माती दगडासारखी आवळते. नवखा माणूस त्याला रोग समजून फवारण्या करत बसतो.

जिभेवर विसंबून सौदा करू नको, पाणी तपासून घे. नमुना मे महिन्यात घे, कारण पावसाळ्यात गोड लागणारी विहीर उन्हाळ्यात खरी चव दाखवते. स्वच्छ बाटली त्याच पाण्यानं दोनदा विसळून भर आणि माती-पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत दे. अहवालात क्षारता 'ईसी' म्हणून लिहिलेली असते. आकडा ०.७५ च्या आत असेल तर निश्चिंत राहा. ०.७५ ते २.२५ च्या मध्ये असेल तर निचरा आणि जाती पाहून काम करावं लागेल. २.२५ च्या वर गेला तर तिथे पन्हेरीचा, म्हणजे रोपवाटिकेचा विचार सोडून दे, मालक कितीही गोड बोलला तरी.

जागा मधल्या पाण्याची असेल तर पावसाचं पाणी साठव. हजार चौरस फुटांच्या छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की सुमारे ९३ लिटर पाणी येतं. पावसाळ्यातले ५०० मिलिमीटर जरी हाती लागले तरी गळती-वाफ वजा जाता चाळीस हजार लिटरच्या आसपास टाकीत जातं. सगळ्या बागेला ते पुरणार नाही. बी रुजवायला, छाट कलमांना आणि कोवळ्या रोपांना तेवढंच वापर. वाढलेली रोपं विहिरीच्या पाण्यावर काढ आणि पंधरा दिवसांतून एकदा पिशवीच्या बुडातून वाहून जाईल एवढं भरपूर पाणी दे, म्हणजे खार धुऊन निघतो.

आणखी एक, हे कोणी सांगत नाही. काळा पाइप उन्हात पडलेला असतो. संध्याकाळी नळ सुरू केलास की पहिलं पाणी चटका बसेल एवढं तापलेलं येतं. ते आधी बाजूच्या आळ्यात सोड, तळहातावर घेऊन पाहा, थंड लागलं की मगच रोपांकडे वळव. एका बेसावध संध्याकाळी पाइपाजवळची पूर्ण रांग मान टाकते आणि कारण सापडत नाही.

माती उन्हात भाजून घे

आपली काळी माती कापसाची राणी, पण पिशवीत भरायला वाईट. ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. आकसली की माती आणि पिशवी यांच्यात फट पडते, वरून घातलेलं पाणी कडेनं खाली निघून जातं आणि मधला गोळा कोरडाच राहतो. तुला वाटतं पाणी भरपूर दिलं, रोप मात्र तहानेलंच. म्हणून गाळाची किंवा पोयट्याची माती एक भाग, धुतलेली वाळू एक भाग आणि पूर्ण कुजलेलं शेणखत एक भाग असं मिसळ. मूठभर मिश्रण ओलं करून दाब. मूठ उघडल्यावर गोळा राहावा आणि बोट लावताच फुटावा, एवढं जमलं की पिशव्या भरायला घे.

शेणखत अर्धकच्चं असेल तर हुमणी आणि उधई आलीच म्हणून समज. खताचा ढीग आदल्या वर्षीच लावून ठेव.

इथल्या उन्हाला सगळे शिव्या देतात, पण ते फुकट कामाला लावता येतं. एप्रिल-मे महिन्यात मातीचा चांगला ओला केलेला थर पसर, वर पातळ पारदर्शक प्लॅस्टिक ताणून अंथर आणि कडा मातीनं दाबून टाक. काळं प्लॅस्टिक नको, आरपार दिसणारंच हवं. चार ते सहा आठवड्यांत आतली माती एवढी तापते की तणाचं बी आणि रोपमर आणणाऱ्या बऱ्याच बुरशा मरतात. मग शेणखतात ट्रायकोडर्मा मिसळून ते या मातीत घाल. औषधांचा अर्धा खर्च इथेच वाचतो.

सावली एकदम काढायची नाही

शेडनेट मारलं म्हणजे काम झालं असं नाही. नेट बुटकं बांधलंस तर खाली गरम हवा कोंडते आणि रोप सावलीत शिजतं. नऊ-दहा फुटांच्या खाली नेट नको. पश्चिमेची बाजू सगळ्यात वाईट, दुपारी तीननंतरची तिरीप आणि झळ तिथूनच येते. त्या बाजूला तुराट्यांची ताटी उभी कर, वर एखादा वेल सोड. पिशव्या एकमेकींना चिकटवून मांड. कडेच्या रांगेला बाहेरून मातीचा बांध दे, नाहीतर काळ्या पिशवीची उन्हाकडची बाजू तापून तिकडची मुळं भाजतात. रोप वरून हिरवं दिसतं आणि उपटलं तर अर्धी मुळं तपकिरी निघतात.

रोप तयार करणं म्हणजे त्याला हळूहळू उन्हाची सवय लावणं. कोवळं असताना ७५ टक्क्यांचं नेट, मग ५० टक्क्यांचं, मग सकाळचं उघडं ऊन, मग पूर्ण उघड्यावर. प्रत्येक पायरीला दोन-तीन आठवडे दे. या काळात पाण्याची पाळी थोडी लांबव, नत्र कमी कर. पानं जरा जाड होतात, कांडी आखूड राहते, रंग गडद होतो. गिऱ्हाइकाला सुरुवातीला हे रोप बाहेरच्या लुसलुशीत रोपापुढे ठेंगणं वाटेल. त्याला दोन्ही शेजारी ठेवून खोड दाबून दाखव.

बाहेरून माल आणावाच लागला तरी हीच शिस्त. आल्या दिवशी विक्रीला मांडू नको. महिनाभर आपल्या पाण्यावर, आपल्या सावलीत ठेव. जे जगेल ते वीक.

याचा अर्थ जुनं रोप चांगलं असाही नाही. एकाच लहान पिशवीत दीड-दोन वर्षं राहिलेल्या रोपाची मुळं बुडाशी गोल गोल फिरून गुंता करतात. असं झाड जमिनीत गेलं तरी मूळ पसरत नाही आणि दोन-चार वर्षांनी वाऱ्यात कलतं. वैशाख काढला की रोप मोठ्या पिशवीत घे, बुडाचा गुंता धारदार कात्रीनं काप. तरीही विकलं गेलं नाही तर स्वतःच्या बांधावर लाव.

थोड्या जाती, पण पक्क्या

हौशी माणसाला सगळंच हवं असतं. गच्चीवर दीडशे जाती शोभतात, धंद्यात त्या माणसाला खाऊन टाकतात. पहिल्या दोन वर्षांत वीस-पंचवीस जातींच्या पुढे जाऊ नको. निवड करताना शेजारच्या जुन्या वाड्यांची अंगणं पाहा. कोणी लक्ष न देताही काय टिकलं आहे? टगर, कण्हेर, बोगनवेल, पारिजात, मोगरा, शेवगा, सीताफळ, आवळा, बेल, कढीपत्ता, कागदी लिंबू. रस्त्याकडेला बहावा, करंज, कडुनिंब. ही झाडं आपल्या हवेची परीक्षा पास होऊन बसलेली आहेत. फर्न आणि नाजूक पाम ज्यांना घरात ठेवायचे आहेत त्यांच्यापुरते ठेव, त्यावर पोट अवलंबून ठेवू नको.

तालुक्या-तालुक्याचं वेगळेपणही ओळख. वरुड-मोर्शीकडे संत्रा, अंजनगाव सुर्जीकडे पानमळे आणि पानपिंपळी, बाळापूर तालुक्यातल्या वाडेगावाकडे लिंबू, वर चिखलदऱ्याला तर कॉफीसुद्धा होते. चिखलदऱ्याची थंड हवा पाहून मन भुलतं, पण तिथलं झाड अकोल्यात आणून गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारू नको.

खुंट कोणता, डोळा कोणाचा

फळझाडांत उतरायचं असेल तर कलम शीक, स्वतःच्या हातानं शीक. वरुड तालुक्यातलं शेंदुरजनाघाट संत्र्याच्या पन्हेरीसाठी ओळखलं जातं. तिथे कलमं बांधणाऱ्या माणसांचे हात बघायला थंडीत चार दिवस जाऊन राहा.

संत्र्याच्या खुंटासाठी जंबेरीचं बी ताजं असतानाच टाकायचं, वाळवून ठेवलं की उगवण घटते. एका बीतून दोन-तीन कोंब निघतात. बहुतेक कोंब आईच्याच गुणाचे असतात आणि ते एकसारखे, मध्यम वाढतात. फार खुरटलेलं किंवा पानाच्या ठेवणीत वेगळं दिसणारं रोप बिनदिक्कत उपटून टाक. इथे माया दाखवलीस तर सहा वर्षांनी शेतकऱ्याच्या बागेत एक ओळ उंच आणि एक ओळ ठेंगणी उभी राहते.

खुंट पेन्सिलीएवढा जाड झाला आणि साल सहज सुटू लागली की डोळा भरायचा. जागा जमिनीपासून नऊ इंचांवर, त्याच्या खाली नको. संत्र्याचा मोठा वैरी म्हणजे डिंक्या. त्याची बुरशी ओल्या मातीतून खोडावर चढते. खुंट तिला त्यातल्या त्यात तोंड देतो, वरचा संत्रा लगेच बळी पडतो. जोड जेवढा उंच तेवढं झाड सुरक्षित. धारदार चाकूनं इंग्रजी टी अक्षरासारखा काप घे, साल अलगद उचल, डोळा वरून खाली सरकव आणि पट्टी अशी बांध की डोळ्याची टोकदार कळी तेवढी उघडी राहील. तीन आठवड्यांनी बघ. हिरवा असेल तर धरला, तपकिरी झाला असेल तर गेला. दुसऱ्या बाजूनं पुन्हा भर.

ज्या काडीवरून डोळा घेतात ती डोळकाडी कुठल्या झाडाची, यावर सगळा भरवसा. मातृवृक्ष निरोगी, सलग काही वर्षं चांगलं फळ दिलेला असावा. विद्यापीठाकडून किंवा नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेकडून खात्रीचं साहित्य घे. कागदी लिंबाला मात्र कलमाचा आग्रह नको, त्याचं बियांचं रोपही गुणाला उतरतं. फक्त बी ओळखीच्या, भरघोस झाडाचं घे. अकोल्याच्या विद्यापीठानं पीडीकेव्ही बहार, पीडीकेव्ही चक्रधर असे लिंबाचे वाण दिले आहेत, ते पाहून ये.

आणि एक सांगते, मातृवृक्षाला कोणी कितीही पैसे देऊ केले तरी तो विकायचा नाही.

परवाना आणि वही

फुलझाडं, शोभेची झाडं विकणं सोपं. फळझाडांची कलमं विकायची तर परवाना लागतो. महाराष्ट्रात फळझाडांच्या रोपवाटिकांसाठी १९६९ सालापासून कायदा आहे. कृषी खात्याचे अधिकारी जागा, पाणी, मातृवृक्ष पाहतात. कोणता खुंट कुठून आणला, डोळा कोणत्या झाडाचा, याची नोंद ठेवावी लागते. लोकांना हा जाच वाटतो. तू याकडे दुकानाची पाटी म्हणून बघ. भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजनेसारख्या सरकारी योजनांत शेतकऱ्याला कलमं मान्यताप्राप्त रोपवाटिकेतूनच घ्यावी लागतात. परवाना नसेल तर ते गिऱ्हाईक तुझ्या दारावरून पुढे जातं.

भाजीपाल्याच्या रोपांसाठी राज्यानं २०२० साली पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर रोपवाटिका योजना आणली. शेडनेट, प्लॅस्टिक टनेल, क्रेट यांच्या खर्चाचं निम्मं अनुदान त्यात धरलं आहे, आणि महिलांना प्राधान्य आहे. जमिनीची अट आणि या वर्षीचे निकष तालुका कृषी कार्यालयात जाऊन विचार. पण अनुदान हातात येईपर्यंत पैसा आपलाच अडकतो, त्यामुळे त्याच्या भरवशावर कर्ज काढू नको.

वही ठेव. शाळेत हजेरी घेत होतीस तशी वाफ्यांची हजेरी घे. बी कधी टाकलं, किती उगवलं, किती मेलं, कोणत्या आठवड्यात मेलं. वर्षभरानंतर ती वही तुला जे सांगेल ते कोणी सल्लागार सांगणार नाही.

मर धरून भाव काढ

नवखी माणसं पिशवी, माती, बी आणि मजुरी मिळवतात आणि भाव ठरवतात. मेलेल्या रोपांचा खर्च धरतच नाहीत. समज, एका रोपामागे पंधरा रुपये लागले. शंभर रोपांचे दीड हजार झाले. त्यातली पासष्ट विक्रीला आली, तर प्रत्येक रोप तुला तेवीस रुपयांना पडलं, पंधराला नाही. त्यावर नेटची झीज, जागेचं भाडं, वीज आणि तुझी स्वतःची मजुरी. हो, तुझीसुद्धा. 'मी घरचीच' म्हणून स्वतःची मजुरी सोडणाऱ्या बाईचा धंदा कागदावर नफ्यात आणि अंगावर तोट्यात असतो.

नातेवाईक येतील, 'एवढं एक दे ना' म्हणतील. वर्षाला किती रोपं वाटायची ते आधीच ठरव, वहीत लिही, संपली की संपली.

उधारी फक्त शेतकऱ्याला, तीही ठरलेल्या तारखेपर्यंत. बंगल्यांच्या मालकांना रोख.

वर्षाचे बारा महिने बसव

रोपांचा धंदा म्हणजे जून ते ऑगस्ट असं समजणारे पुढचे नऊ महिने हात चोळत बसतात. महिने असे वाटून घे.

वैशाखात माती भाजायची, पिशव्या भरायच्या, नेट शिवायचं. याच दिवसांत शहरातली माणसं सुटीला गावी जातात आणि कुंड्या वाळतात. त्यांच्या बागांना पाणी घालण्याचं काम घे. एक विश्वासू मुलगा आणि सायकल एवढ्यावर ते चालतं, आणि उन्हाळ्याची मिळकत होते. तिथलेच लोक पुढे कुंडी बदलायला, छाटणीला, नव्या बागेच्या आखणीला तुलाच बोलावतात. पुष्कळ रोपवाटिका विक्रीपेक्षा या कामावरच उभ्या आहेत.

मृगापासून विक्री. सोबत आंब्याची कोय कलमं, पेरूच्या गुट्या. श्रावणात अकोल्याला राजराजेश्वराची कावड निघते, त्या महिनाभर बेलाच्या रोपाला मागणी असते, ते आधीच्या वर्षीच तयार हवं. जुलैअखेर ते ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात झेंडूचं रोप शेतकऱ्याच्या हाती पडलं तर दसऱ्याला फूल येतं. ऑगस्टच्या शेवटी दिलंस तर फूल येईल, पण बाजार निघून गेलेला असेल, आणि बोल तुला लागेल. अमरावतीत अंबादेवीच्या नवरात्रात फुलांना किती उठाव असतो ते तुला मी काय सांगू!

पावसाळा सरला की वांगी, टोमॅटो, कोबीची ट्रेमधली रोपं आणि थंडीची फुलं. तुळशीच्या लग्नाआधी तुळस. थंडीत गुलाबाचे आणि संत्र्याचे डोळे भरायचे. फेब्रुवारीत बोगनवेलीची छाट कलमं. मग पुन्हा ऊन.

गिऱ्हाइकाला चिठ्ठी दे

रोपासोबत हाताएवढी छापील चिठ्ठी दे. मराठीत, मोठ्या अक्षरात. खड्डा केवढा, खत किती, पाणी कधी, पहिल्या उन्हाळ्यात सावली कशी करायची. संत्र्याच्या चिठ्ठीवर तीन गोष्टी ठळक लिही. जोड मातीच्या वर ठेवा. पाणी खोडाला लागू देऊ नका, दुहेरी आळं करा आणि पाणी बाहेरच्या आळ्यात सोडा. पावसाळ्याआधी खोडाला बोर्डो मलम लावा: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी.

'शंभर टक्के जगेल' असं कधीच म्हणू नको. 'असं केलंत तर जगेल, आणि मे महिन्यात मला फोन करा' असं म्हण. जो मे महिन्यात फोन करतो तो जूनमध्ये दुसरं रोप न्यायला येतो. त्याच्या अंगणात झाड कसं आहे ते वहीत टिपून ठेव. कोणतं रोप कोणत्या गावात टिकलं याचा तो हिशेब म्हणजे तुझं खरं भांडवल.

कोणाच्या अंगणात ते झाड होणारच नाही असं दिसलं तर विकू नको. आजचे चाळीस रुपये जातील. माणूस मात्र घरी जाऊन सांगेल की बाई खरं बोलते.

शिकायला वय नसतं

आपल्या पंजाबराव देशमुखांच्या नावाचं कृषी विद्यापीठ १९६९ पासून अकोल्यात उभं आहे. पापळच्या शेतकऱ्याचा हा मुलगा देशाचा कृषिमंत्री झाला. विद्यापीठात पावसाळ्यानंतर शिवार फेरी असते, डिसेंबरअखेरीस पंजाबरावांच्या जयंतीच्या सुमारास ॲग्रोटेक प्रदर्शन भरतं. तिथे मजा म्हणून नको, वही घेऊन जा. अमरावती जिल्ह्यात दुर्गापूर आणि घातखेडला कृषी विज्ञान केंद्रं आहेत. आधी फोन करून रोपवाटिकेचं प्रशिक्षण कधी आहे ते विचार. वडाळीला वन खात्याचं बांबू उद्यान आहे. एकाच झाडाच्या किती जाती नीट नावं लावून मांडता येतात ते तिथे पाहून ये.

वय झालं, आता काय शिकणार, असं कोणी म्हणालं तर कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांचं नाव सांग. ते गणिताचे प्राध्यापक, पण प्रयोग परिवार उभा करून त्यांनी शेतकऱ्यांना स्वतःच्या वावरात प्रयोग करायला लावलं. मुंबईच्या प्रीती पाटील पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाचं काम पाहत. स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर त्यांनी गच्चीवर बाग केली आणि त्यातून शहरी शेती शिकवण्याचं मोठं काम उभं राहिलं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात राहीबाई पोपेरे शाळेत न जाताही परसबागेतलं गावरान बी जपत राहिल्या, आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. तिघांनीही आधी स्वतःजवळ जे होतं त्यावर वर्षानुवर्षं काम केलं, नाव मागाहून आलं.

शेवटचं, राजीनाम्याआधीचं

राजीनामा लिहायची घाई करू नको. रोपाला जो नियम, तोच तुला. येत्या मार्चमध्ये दोनशे पिशव्या भर. पाच जाती घे: लिंबू, कढीपत्ता, टगर, शेवगा, बोगनवेल. ज्या जागेवर पुढे रोपवाटिका काढायची तिथलंच पाणी वापर, गच्चीवरचं नळाचं नको. पहाटे उठून पाणी दे, शाळेत जा, संध्याकाळी पुन्हा दे. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, सगळी माणसं कूलरपुढे बसलेली असताना, तुला दुपारी वाफ्यावर चक्कर मारावीशी वाटते का ते पाहा. मग मृग लागला की मोज. शंभरातली सत्तर जिवंत असली तर राजीनामा दे आणि मला कळव, पहिली डोळकाडी माझ्याकडून घेऊन जा. चाळीसच उरली तर का मेली ते वहीत लिही, आणखी एक वर्ष शाळेत जा आणि पगारातून पाण्याची टाकी बांधून घे.